दोन चित्रांमधला अंधार

नव्या टीव्हीवर जुन्या टीव्ही गेमची बंदूक चालत नाही. कितीही नेम धरा, पडद्याला नळी टेकवून चाप ओढा, बदक आपलं पंख फडफडवत वर निघून जातं आणि गवतातून कुत्रा तोंड वर काढून फिदीफिदी हसतो. दिवाळीला गावी आलेल्या पुतण्याने माळ्यावरच्या खोक्यातून आमचा जुना संच शोधून काढला, वायरी नव्या एलसीडीला जोडल्या, कॅसेटीत फुंकर मारली. मारिओ सुरू झाला, पळाला, उड्या मारू लागला. बदकांवर आल्यावर मात्र गाडी अडली. "काका, बंदूक खराब झाली वाट्टे," तो म्हणाला. बंदूक ठणठणीत होती. तिला जे बघायची सवय होती, ते या पडद्यावर नव्हतंच.

बदकांचा हा गेम, डक हंट, निन्टेन्डोने १९८४ मध्ये जपानात काढला. आमच्याकडे तो पोचला नकली संचांतून. एका कॅसेटीत ९९९९ गेम असल्याचं वरच्या चिठ्ठीवर छापलेलं असायचं आणि खरे निघायचे मोजके; बाकी तेच ते, निराळ्या नावांनी. त्या संचासोबत आलेल्या प्लास्टिकच्या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा डोळा आहे. चाप ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या डोळ्याला आधी काळोख आणि लगेच उजेड दिसला, तर गोळी लागली. आधी काळोख बघायचा तो एवढ्यासाठी की कोणी हुशारी करून बंदूक बल्बवर रोखली तरी गुण मिळू नयेत. हे सगळं दोन-तीन चित्रांच्या अवधीत, डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकतं. जुन्या टीव्हीत हे जमायचं, कारण तारेतून आलेली ओळ तो त्याच क्षणी काचेवर ओढायचा. एलसीडी आधी पूर्ण चित्र घेतो, साठवतो, स्वतःच्या मापाचं करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून गेलेली असते. शिवाय त्या डोळ्याला जुन्या काचेवरचा विशिष्ट वेगाने लवलवणारा उजेडच ओळखायला शिकवलेलं आहे. एलसीडीचा शांत उजेड त्याच्या लेखी उजेडच नाही.

आमचं जऊळका वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं. कागदोपत्री नाव जऊळका रेल्वे. गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता, तो डब्बा टीव्हीच होता. मागे कुबड आलेला, वीस-बावीस किलोंचा, दोघांनी उचलायचा. भिंतीतल्या फळीवर तो एकदा बसला की घराच्या रंगकामातच काय तो हलायचा. त्याच्या पोटात जाड काचेची पिक्चर ट्यूब. आत हवा नाही. मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन सोडणारी गन. मानेभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, जिला मेकॅनिक लोक योक म्हणतात. योकमधल्या चुंबकशक्तीने तो झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरायचा आणि जिथे आदळेल तिथला काचेच्या आतला लेप चमकवायचा. ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागायचे. मागचं झाकण उघडायला मोठ्यांनाही बंदी होती, ती उगाच नव्हती.

आपल्याकडच्या टीव्हीत हा झोत सेकंदाला १५,६२५ ओळी ओढायचा. त्यामुळे टीव्हीच्या पोटातून तेवढ्याच कंपनांची एक बारीक शीळ निघायची. ही शीळ लहान मुलांना ऐकू येते आणि वय वाढलं की कानातून निघून जाते. आवाज बंद करून दुपारी चोरून कॉन्ट्रा खेळत बसलं, तरी अंगणातल्या धाकट्या भावंडांना पत्ता लागायचा. ओसरीवर आडव्या झालेल्या आजोबांना नाही.

संध्याकाळी गावातले दिवे लागले, शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरायचं आणि चित्र दोन्ही बाजूंनी आत सरकायचं. डाव्या-उजव्या काठांना काळ्या पट्ट्या यायच्या. कॉन्ट्रातला गडी अंगाने बारीक होऊन धावायचा, पण धावायचा. लाइट किती उतरली हे आम्हाला मीटर न बघता त्या पट्ट्यांच्या रुंदीवरून कळायचं. कोणी शेजारी स्पीकर आणून ठेवला तर त्यातल्या चुंबकाने पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडायचा. पडद्याजवळ हात नेला तर अंगावरचे केस उभे राहायचे आणि गावभरची धूळ त्या काचेवर येऊन बसायची. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये एवढी उघडी ये-जा नंतरच्या पडद्यांत मी पाहिली नाही.

खेळणारे दोन, बघणारे दहा, असा आमचा हिशेब. जो मरेल त्याने रिमोट पुढच्याला द्यायचा. बघणारे खाटेवर, उंबऱ्यात, खिडकीच्या गजाला लटकून. फळी उंच आणि पोट्टे फरशीवर. तरी कोणालाही चित्र सारखंच दिसायचं, कारण उजेड काचेच्या पृष्ठभागावरच जन्मायचा आणि चहूकडे सारखा जायचा.

मग कॉम्प्युटर आले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले. सरकारी नोकरीला हे प्रमाणपत्र लागणार म्हटल्यावर वाशीम, मालेगाव, रिसोडची पोरं पेट्रोल भरून वर्गाला जाऊ लागली. त्या खोल्यांत ओळीने मांडलेले पंधरा इंची मॉनिटर, सगळे डब्बेच. सर चहाला गेले की वर्ड मिटायचं आणि रोड रॅश उघडायचा. पुढे व्हाइस सिटी आला, काउंटर स्ट्राइक आला. मशीन मात्र तीच, जेमतेम मेमरीची.

या गरीब मशीनना डब्बा मॉनिटर फार सांभाळून घ्यायचा. गेम अडखळायला लागला की सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं माप ६४० बाय ४८० करायचं. ठिपके कमी, काम कमी, गेम पळायला लागायचा. डब्ब्यावर हे माप तेवढंच नेटकं दिसायचं, कारण त्याला स्वतःचे ठरलेले चौकोन नव्हते. गन सांगाल तितक्या ओळी ओढायची. एलसीडीची गोष्ट निराळी. पंधरा इंची एलसीडीवर १०२४ बाय ७६८ एवढे चौकोन कारखान्यातच पक्के झालेले असतात. त्याला कमी मापाचं चित्र दिलं की तो ते ताणून बसवतो आणि सगळं धुतल्यासारखं दिसतं. म्हणजे एलसीडीसोबत चांगला गेम खेळायचा तर आधी तगडं मशीन हवं. वर्गाच्या कोपऱ्यात पहिला सपाट मॉनिटर आला, तेव्हा त्याच्यावर बसायला रांग लागली आणि आठवडाभरात गेम खेळणारी पोरं गुपचूप डब्ब्यांकडे परतली. सपाट मॉनिटरवर फक्त एक्सेल शिकणारे उरले.

परतण्याचं आणखी एक कारण होतं. त्या काळातले स्वस्त एलसीडी मॉनिटर समोरून बघायचेच बनवलेले. खालून पाहिलं की चित्र काळवंडायचं, उजेडाच्या जागी अंधार आणि अंधाराच्या जागी राख दिसायची. खुर्चीत एकटा बसून बघणाऱ्या माणसाचं ते माप. मागे पाच जण वाकलेले, दोन जण जमिनीवर बसलेले, अशा आमच्या पद्धतीचा विचार ते बनवणाऱ्याने केलेला नव्हता. डब्बा बनवणाऱ्यानेही तो मुद्दाम केला नसेल. डब्ब्याला ते जन्मतःच येत होतं.

आणि तिसरं कारण, जे तेव्हा कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. "याच्यावर गाडी फरफटते," एवढंच पोरं म्हणायची. दुकानदार सांगायचे की पडद्याचा वेग कमी आहे. पत्रकांवर २५ मिलिसेकंद, १६ मिलिसेकंद, मग ८ असे आकडे उतरत गेले. आकडे उतरले, फरफट कमी झाली, पण संपली नाही. याचं खरं कारण मला समजावून घ्यायचं झालं तर मी आमच्या स्टेशनावर जातो.

२००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्या जऊळक्याला न थांबता जाऊ लागल्या. फलाटावर उभं राहून समोरच्या खांबावर नजर खिळवली, तर सगळी गाडी म्हणजे निळा पट्टा. पण एखादी खिडकी धरून नजर तिच्यासोबत फिरवली, तर आतला माणूस, त्याचा चष्मा, हातातला चहाचा कपसुद्धा स्वच्छ दिसतो. आपला डोळा पळत्या वस्तूमागे सलग फिरतो. आता अशी कल्पना करा की ही गाडी सलग पळत नाही. एका जागी सेकंदाचा साठावा भाग थांबते, मग पुढच्या जागी उडी घेते, पुन्हा तेवढंच थांबते. डोळा मात्र सलग पुढे सरकतोच आहे. त्या थांब्यात गाडी जागेवर आणि नजर पुढे, त्यामुळे खिडकी डोळ्याच्या पडद्यावर घासली जाते. एलसीडीवर हेच होतं. पुढचं चित्र येईपर्यंत तो मागचं धरून ठेवतो. सेकंदाला ९६० ठिपके सरकणारी गाडी साठ चित्रांत दाखवली, तर प्रत्येक थांब्यात नजर सोळा ठिपके पुढे गेलेली असते आणि तेवढीच फरफट दिसते. पडद्याचे स्फटिक कितीही चपळ करा, धरून ठेवण्याची खोड असेपर्यंत ही फरफट राहणार.

डब्बा काय करायचा? गाडी ज्या जागी असायला हवी तिथे ती निमिषभर लखकन दाखवायचा आणि मग अंधार. पुढच्या जागी पुन्हा लखकन. लेपाची चमक मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत विझायची. आपल्याकडच्या टीव्हीत एक चित्र वीस मिलिसेकंदांचं, त्यातला बहुतेक वेळ काचेचा प्रत्येक ठिपका काळाच. डोळा प्रत्येक लखलखाटाला नेमक्या जागी पोचलेला असायचा, म्हणून घासायला काही उरायचंच नाही. अत्यंत वेगवान कॅमेऱ्याने डब्ब्याचा फोटो काढला तर एक उजळ पट्टा दिसतो आणि बाकी काळोख. आम्ही ज्याला चित्र म्हणायचो ते एका वेळी काचेवर कधीच नसायचं. ते आमच्या डोक्यात जुळायचं.

लोडशेडिंगचे बारा-बारा तास काढलेल्या जऊळक्याच्या माणसाने अंधाराचं कौतुक करावं हे जरा चमत्कारिक आहे. पण गेमच्या पडद्यापुरतं ते खरं आहे. डब्ब्याची चाल गुळगुळीत होती ती दोन चित्रांमधल्या अंधारामुळे. याची किंमतही होती. कॉम्प्युटरवर नेहमीच्या ६० हर्ट्झवर डब्बा लुकलुकायचा आणि तासाभरात डोळे चुरचुरायचे. जाणती पोरं सेटिंगमध्ये जाऊन ते ८५ करायची. ज्या लुकलुकीने डोळे थकायचे तिनेच पळती गाडी स्वच्छ दाखवली होती. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या.

हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. जॉन कारमॅक हा गेम लिहिणारा माणूस १९९५ मध्ये क्वेक या गेमवर काम करत होता तेव्हाचा त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे: समोर इंटरग्राफ कंपनीचा २८ इंची, १९२० बाय १०८० मापाचा डब्बा मॉनिटर, टेबलाएवढा. घरोघरच्या सपाट पडद्यांना ते माप गाठायला दशकभर लागलं. २००१ मधला सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा गेम स्पर्धेत खेळणारे आजही सामन्यासाठी डब्बा टीव्ही उचलून आणतात, कारण बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर त्यांना परवडत नाही. जुने गेम रंगवणारे कलावंतही काचेचा स्वभाव धरूनच रंगवायचे. सोनिकमधला धबधबा आज एलसीडीवर पाहिला तर नुसत्या उभ्या रेघा दिसतात. जुन्या वायरीने जोडलेल्या डब्ब्यावर त्या एकमेकींत मिसळून आरपार दिसणारं पाणी व्हायचं. ते पाणी गेममध्ये अर्धंच होतं, अर्धं वायरीत आणि काचेत.

तरीही डब्बा गेला आणि फार वेगाने गेला. या घाईचा फटका महाराष्ट्रातच एका मोठ्या घराण्याला बसला. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीनमधले कारखाने व्हिडिओकॉनच्या मालक धूत कुटुंबाच्या हाती आले. मराठवाड्यातली कंपनी जगाची पिक्चर ट्यूब बनवणार, ही बातमी छाती फुगवणारी होती. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात एलसीडी टीव्हीची विक्री डब्ब्यांच्या पुढे गेली. ज्या वस्तूचे कारखाने घेतले, तिला गिऱ्हाईकच उरेना. व्हिडिओकॉन कर्जात बुडण्याची कारणं इतरही बरीच होती आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण ट्यूबवर लावलेला तो डाव मोठा होता हे खरं.

डब्बा हरला कशावर, हे मात्र नीट बघायला हवं. तो हरला वजनावर, जागेवर आणि विजेवर. एकवीस इंची डब्बा ऐंशी-शंभर वॅट खायचा. त्याहून मोठा नवा सपाट टीव्ही तीस-चाळीस वॅटमध्ये चालतो. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या घराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. जहाजातून पाठवायला, ट्रकमध्ये रचायला, भिंतीला टांगायला सपाट पडदा सोयीचा. त्यावर अक्षर कोरीव दिसतं, काठ वाकडे होत नाहीत, चुंबकाचा डाग पडत नाही. जगातले बहुतेक पडदे अक्षरं, हिशेब आणि बातम्या बघायला घेतले जातात. गेम खेळणाऱ्या पोरांना विचारून हा निकाल लागला नाही आणि त्यांना विचारायचं काही कारणही नव्हतं.

मला खटकतं ते पुढचं. एखादी वस्तू बाजारात हरली की ती सगळ्याच बाबतींत मागासलेली होती असं आपण धरून चालतो. डब्बा भंगारवाल्याच्या गाडीवर चढला, त्याने हातोडीने मान मोडून योकमधलं तांबं काढून घेतलं, शिशाची काच नाल्यात गेली, आणि त्यासोबत त्याला काय येत होतं हेही विसरलं गेलं. चित्राच्या चालीत तो हरला नव्हता. ती परीक्षा त्याच्यासाठी कोणी घेतलीच नव्हती.

गंमत अशी की आता ती परीक्षा उशिरा सुरू आहे आणि नवे पडदे जुन्याचा धडा गिरवताहेत. महागड्या गेमिंग मॉनिटरमध्ये मागचा दिवा प्रत्येक चित्रानंतर मुद्दाम विझवण्याची सोय असते. म्हणजे आधी अंधार घालवायला अब्जावधी खर्च केले आणि आता तो परत बसवायला. दुसरा रस्ता म्हणजे चित्रंच सेकंदाला १४४, २४०, ३६० करायची, म्हणजे थांबे लहान होऊन फरफट घटते. त्यासाठी मशीनही तेवढं तगडं लागतं. ओएलईडीमध्ये ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग पुन्हा खरा काळा झाला. काही जण तर वेगवान पडद्यावर जुन्या गनची उतरती रेघ प्रोग्रॅमने हुबेहूब फिरवताहेत. यांतले काही उपाय डब्ब्याच्या जवळ पोचले आहेत, काही बाबतींत पुढेही गेले आहेत. मला त्याचा आनंदच आहे. कुबडाचं ते धूड पुन्हा घरात आणावं असं मला वाटत नाही.

गेमसाठी कोणता बरा असं विचारणाऱ्याला माझं उत्तर सरळ आहे. २००५ च्या आधीचे गेम आणि चालू स्थितीतला डब्बा दोन्ही हाताशी असतील तर ते एकत्रच बघा. तो गेम त्या काचेसाठीच बनला होता. नवे गेम नव्या पडद्यावर खेळा. आणि नवा पडदा घ्यायला अकोल्याच्या, वाशीमच्या दुकानात गेलात तर भिंतीवर चालू असलेले समुद्रकिनारे, फुलं आणि पोपट बघून भुलू नका. दुकानाच्या झगझगीत उजेडात, हलत नसलेल्या चित्रावर एलसीडी पहिल्यापासून जिंकत आलाय. त्याची सगळी शर्यत तिथेच झाली. दुकानदाराला गेम नाहीतर क्रिकेटची मॅच लावायला सांगा, दोन पावलं बाजूला सरका, जमलं तर खाली बसून बघा, आणि पळणाऱ्या गड्याच्या पाठीवरचं नाव वाचता येतं का ते पाहा. दुकानदार जरा वैतागेल. वैतागू द्या, चालीची परीक्षा चालवूनच घ्यावी लागते.